भाताशी कुस्ती धरणारी माणसे

जपान म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे काय येते? वाऱ्यासारखी धावणारी बुलेट ट्रेन, आभाळाला टेकलेल्या इमारती, मोटारी आणि घड्याळे. हा जपान खोटा नाही. पण तो तुम्हाला मी दाखवायची गरज नाही. आता आपल्याकडच्या कितीतरी शेतकरी घरांतली मुले-मुली तिकडे नोकरीला आहेत. टोकियोच्या एदोगावा भागात तर भारतीयांची मोठी वस्तीच आहे. तिथल्या स्थानिक सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडूनही आले. तेव्हा शहरातला जपान तुमच्या पुतण्याने नाहीतर भाचीने फोनवर दाखवलेला असेलच.

मीही नोकरीसाठीच गेलेली. पण माझे माहेर मावळातले, म्हणजे भाताचे. सुट्टी मिळाली की बरोबरीच्या मंडळींची पावले बाजाराकडे वळतात, माझी खाचराकडे. अशी हिंडता हिंडता एक गोष्ट ध्यानात आली. या देशाचे जुने खेळ आणि उत्सव भाताच्या चिखलातून वर आलेले आहेत. आणि आज तीच भाताची खेडी ओस पडत असताना, त्यांना धरून ठेवायची धडपडही हेच खेळ आणि उत्सव करत आहेत. ते कितपत साधते, हे पाहायला चला माझ्याबरोबर. प्रवास जरा आडवाटेचा आहे, पण कंटाळा यायचा नाही.

पेंढ्याच्या कड्यातली कुस्ती

सुरुवात टोकियोतच करू. सुमो कुस्ती तुम्ही चित्रात पाहिली असेल. दोन अगडबंब माणसे एकमेकांना ढकलतात, असे लांबून वाटते. जवळ बसून पाहा म्हणजे कळेल, की त्यात चपळाई किती आहे. नियम सोपे. तळपायाशिवाय अंगाचा कोणताही भाग जमिनीला टेकला किंवा कड्याबाहेर पाऊल पडले, की हार. वजनाचे गट नाहीत. लहान चणीच्या गड्यालाही डोंगराएवढ्या गड्याशी लढावे लागते, आणि कधी कधी तो जिंकतोही. मग सारे सभागृह उठून उभे राहते.

मोठ्या स्पर्धा वर्षातून सहा. जानेवारी, मे आणि सप्टेंबरात टोकियोत, मार्चमध्ये ओसाकात, जुलैत नागोयात आणि नोव्हेंबरात फुकुओकात. प्रत्येक स्पर्धा पंधरा दिवस चालते. वरच्या मजल्यावरची मागची जागा त्यातल्या त्यात स्वस्त मिळते. सकाळी नवख्या पोरांच्या कुस्त्या, संध्याकाळी नामांकितांच्या. डबा घेऊन दिवसभर बसावे, अगदी आपल्या जत्रेतल्या मैदानासारखे.

पण मंडळी, माझी नजर पैलवानांआधी हौद्यावर गेली. प्रत्येक स्पर्धेसाठी तो चिकणमाती चोपून नव्याने बांधतात. कडे सुमारे पंधरा फूट व्यासाचे, आणि ते कशाचे म्हणाल तर भाताच्या पेंढ्याच्या विणलेल्या पोत्यांचे. आत माती भरून ती पोती अर्धी जमिनीत पुरलेली असतात. अशाच पेंढ्याच्या पोत्यांतून पूर्वी तांदूळ भरून ठेवत. खेळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी हौद्याच्या मधोमध तांदूळ, मीठ, सुकवलेले समुद्रशेवाळ, चेस्टनट अशा वस्तू पुरून पूजा करतात. आपल्याकडे तालमीच्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू घालतात आणि मग तिला हात लावून कपाळी लावतात. मातीला आधी मान, मग अंगाला माती, ही रीत दोन्हीकडे एकच.

एक गोष्ट मात्र खटकते, ती सांगायलाच हवी. या हौद्यात बाईने पाऊल ठेवायचे नाही, असा दंडक आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये माइझुरू गावी भाषण करता करता महापौर हौद्यातच कोसळले. मदतीला धावलेल्या, छाती दाबून उपचार करणाऱ्या बायकांना खाली उतरण्याची सूचना ध्वनिक्षेपकावरून देण्यात आली. देशभर टीका झाली, संघटनेच्या प्रमुखांनी माफी मागितली. दंडक मात्र तसाच राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे एका डोंगरी गावात तिचा संदर्भ लागेल.

खाचरातले चित्र

आता उत्तरेकडची गाडी धरू. टोकियोहून बुलेट ट्रेनने साडेतीन तासांत मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला, आओमोरी प्रांतात पोहोचतो. हा सफरचंदांचा आणि भाताचा मुलूख. हिरोसाकी गावाहून छोट्या रेल्वेने गेलात, की इनाकादाते नावाचे खेडे लागते.

या खेड्यात दोन हजार वर्षांपूर्वीची भातखाचरे उत्खननात सापडली. बांधांसकट! अभिमान वाटावा असेच ते. पण जुन्या बांधांवर पोट भरत नाही आणि त्यासाठी पाहुणेही फारसे येत नाहीत. म्हणून १९९३ साली गावकऱ्यांनी एक युक्ती केली. वेगवेगळ्या रंगांच्या पानांचे भात लावून खाचरात जवळच्या इवाकी डोंगराचे चित्र काढले. जांभळ्या पानाचे एक वाण, पिवळ्या पानाचे दुसरे आणि नेहमीचे हिरवे. रंगाचा एक थेंब नाही, सगळे रोपांचे काम.

पहिली काही वर्षे चित्र साधेच असे. २००३ साली त्यांनी जगप्रसिद्ध मोनालिसा काढायला घेतली. वरून पाहिली तर बाई खाली भलतीच रुंद झालेली! कारण सोपे होते. चित्र मनोऱ्यावरून तिरके पाहायचे, आणि आखणी केली होती सपाट कागदाप्रमाणे. मग त्यांनी दूरचा भाग ताणून आखायचे गणित बसवले. आता आधी संगणकावर आराखडा, मग खाचरात मोजून खुंट्या, मग लावणी. लावणीला आणि कापणीला बाहेरगावचे लोक हौसेने येतात. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चित्र भरात असते. मनोरा आहे तो ग्रामपंचायतीच्या कचेरीवरच, आणि कचेरी बांधली आहे किल्ल्यासारखी. २०१३ साली तर दुसऱ्या चित्राजवळ त्या छोट्या रेल्वेचे खास स्थानकही झाले.

ही विद्या आपल्याकडेही आली आहे बरं का. पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे येथे श्रीकांत इंगळहळीकर यांनी काळपट पानांच्या भाताची रोपे वापरून अशी चित्रे पिकवली आहेत. तेव्हा पावसाळ्यात तिकडे जाणार असाल, तर चौकशी करून जा.

हार-जीत नसलेली झुंज

उत्तरेकडून खाली, जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडे नीइगाता प्रांत लागतो. टोकियोहून बुलेट ट्रेनने नागाओका शहर दोन तासांच्या आत, आणि तिथून बसने डोंगरात यामाकोशी. हिवाळ्यात इथे पुरुषभर उंचीहून जास्त बर्फ पडते. बर्फ वितळले, की डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची खाचरे आणि त्यांच्या वर पाण्याची तळी दिसतात. या तळ्यांत शेतकरी हिवाळ्याच्या खाण्यासाठी मासे पाळत. त्यांतला एखादा लाल, पांढरा निघे. दोनेकशे वर्षांपासून असे रंगीत मासे निवडून निवडून त्यांनी शोभेची जात तयार केली. आज तिला जगभर गिऱ्हाईक आहे. जोडधंदा म्हणतात तो असा.

पण आपण आलो आहोत वळूंची झुंज पाहायला. मे ते नोव्हेंबर या काळात ठरावीक दिवशी ती भरते. १९७८ साली सरकारने तिला राष्ट्रीय लोकपरंपरेचा दर्जा दिला. रिंगणावर आधी मीठ आणि तांदळाची दारू शिंपडतात. मग दोन वळू समोरासमोर येतात, शिंगांत शिंगे अडकतात, धुळीत खूर रुततात. भोवती गडी उभे असतात आणि हात उंचावून ‘योश्ता! योश्ता!’ असे ओरडून त्यांना चेव आणतात.

आणि आता खरी गंमत. झुंज ऐन रंगात आली, की गडी ती सोडवतात. एकजण मागच्या पायाला दोरखंडाचा फास टाकतो, बाकीचे ओढून धरतात, आणि दुसरा गडी जिवावर उदार होऊन पुढे घुसतो आणि वळूच्या नाकात बोटे घालतो. नाक धरले, की वळू शांत. दोघेही बरोबरीत! कोण जिंकले, कोण हरले, काही नाही. मी शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांना विचारले, निकाल का लावत नाही? ते म्हणाले, ‘‘हरलेला वळू पुन्हा उभा राहायला भितो. तो घरचा आहे. घरच्याला कोण हरवतो?’’

पूर्वी या डोंगरात ओझी वाहायला, शेत कसायला हेच जनावर होते. गोठा घराला लागून असे. त्याला जखमी करून चालणार नव्हते. आपल्याकडे गोव्यातल्या धिरयोवर १९९६ साली उच्च न्यायालयाने बंदी घातली. बैलगाडा शर्यती २०१४ पासून बंद होत्या, त्या डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यांना मान्यता दिली. या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. यामाकोशीच्या लोकांनी मात्र चुरस ठेवून हारच काढून टाकली, ही वाट मला विचार करण्याजोगी वाटते.

२३ ऑक्टोबर २००४ रोजी या भागात मोठा भूकंप झाला. डोंगर घसरले, रस्ते तुटले. सुमारे बावीसशे लोकवस्तीचा सगळा गाव नागाओकाला हलवावा लागला. माणसे बाहेर पडली, पण वळू आणि गाई गोठ्यात अडकल्या. तेव्हा हेलिकॉप्टरला टांगून जनावरे बाहेर काढली. खर्चाचा हिशेब करणारे तेव्हाही असतीलच. पण वळू वाचले म्हणून झुंज वाचली, आणि गावाकडे परतायला लोकांना एक कारण उरले. २००७ च्या अखेरीस परतणाऱ्यांचे परतणे पूर्ण झाले. सगळे मात्र परतले नाहीत. आज वस्ती हजाराच्या आत आहे.

मघाची सुमोची गोष्ट आठवते ना? यामाकोशीतही बाईने रिंगणात पाऊल ठेवायचे नाही, अशीच रीत होती. पण वळू सांभाळणाऱ्या बायकाही आहेत. चारा घालायचा त्यांनी आणि झुंजीच्या दिवशी कुंपणाबाहेर उभे राहायचे! २०१८ साली गावाने ही मनाई उठवली, आणि मालकिणीने आपल्या वळूचे दावे स्वतः धरून त्याला रिंगणात फिरवले. माणसे कमी झाली, की जुने दंडक असे सैल करावे लागतात. आधीच केले असते तर आणखी बरे दिसले असते, एवढेच मी म्हणेन.

बुजगावण्यांचे गाव

आता लांबचा पल्ला. दक्षिणेकडे शिकोकू नावाचे बेट आहे. तिथल्या इया खोऱ्यात दऱ्या इतक्या खोल, की पूर्वी जंगली वेली विणून पूल बांधत. त्यातला एक पंचेचाळीस मीटर लांबीचा पूल अजून आहे. दर तीन वर्षांनी त्याच्या वेली बदलतात. पाय ठेवताना फळ्यांच्या फटींतून खाली नदी दिसते. ज्यांना चक्कर येते, त्यांनी समोर पाहून चालावे.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला नागोरो हे गाव आहे. गावात शिरताच बसथांब्यावर माणसे दिसतात, बांधावर विसावलेला म्हातारा दिसतो, शेतात वाकलेली बाई दिसते. हाक मारली तर कोणी हलत नाही. सगळी बुजगावणी! त्सुकिमी आयानो ही या गावची लेक. ओसाकाहून ती वडिलांना सांभाळायला परत आली. पाखरे बियाणे टिपतात म्हणून तिने वडिलांच्या चेहऱ्याचे एक बुजगावणे केले. शेजारी त्यालाच रामराम करू लागले! पुढे गावातले कोणी वारले, कोणी शहरात गेले, की ती त्याच्या आठवणीने एक बुजगावणे करून ठेवू लागली. आज बुजगावणी तीनशेहून अधिक आणि माणसे तीसच्या आत.

शाळा २०१२ साली बंद झाली. मी वर्गात डोकावले. बाकांवर मुले, फळ्यापाशी मास्तर, सगळे जुन्या कपड्यांचे आणि कापसा-कागदाचे. मंडळी, मी पुष्कळ ओसाड वाडे पाहिले आहेत. पण भरलेला वर्ग आणि आवाज नाही, हे पाहवले नाही.

ही एकट्या नागोरोची कथा नाही. जपानच्या २०२० च्या शेतीगणनेत नेमाने शेती करणाऱ्यांचे सरासरी वय सदुसष्टच्या पुढे निघाले. २०२३ च्या पाहणीत देशभर सुमारे नव्वद लाख घरे रिकामी आढळली. नागोरोला दूरदेशीचे पाहुणे येतात, बुजगावण्यांचा उत्सवही भरतो. पण संध्याकाळ झाली, की पाहुणे गाडीत बसून निघून जातात. खाचर कसायला कोणी राहत नाही. तेव्हा नुसत्या उत्सवाने गाव टिकते, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

अदृश्य पैलवान

शिकोकूच्याच उत्तर किनाऱ्याला इमाबारी शहर आहे. तिथून समोरच्या बेटांवरून पूल टाकत टाकत थेट मुख्य बेटापर्यंत रस्ता नेला आहे. १९९९ साली तो पुरा झाला. पुलांवर सायकलींसाठी वेगळी वाट आहे. एका ठिकाणी सायकल भाड्याने घ्यायची, दुसरीकडे ठेवून द्यायची. वाटेवर निळी रेघ मारलेली आहे, तेव्हा चुकायचे भय नाही. खाली समुद्र, उतारांवर संत्र्या-मोसंब्यासारख्या फळांच्या बागा. चढावर माल वाहायला बागेतून एका रुळावरून चालणारी छोटी गाडी असते, ती आपल्या कोकणातल्या बागायतदारांनी पाहण्याजोगी आहे. रस्त्याकडेला फळीवर फळांच्या पिशव्या, शेजारी पैशांचा डबा, राखण करायला कोणी नाही. शंभर येनचे नाणे टाकायचे आणि पिशवी उचलायची. मोठ्या रस्त्यांवर सरकारमान्य थांबे आहेत. देशभरात असे बाराशेहून जास्त. तिथे शेतकरी आपला माल स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून विकतात. आपले शाकाहारी वाचक गेले, तर त्यांनी आंबट-खारट फळाचे लोणचे भरलेला भाताचा गोळा मागावा. बाकी बहुतेक रश्शांत माशांचे पाणी असते.

या वाटेवर ओमिशिमा बेट आहे आणि त्यावर ओयामाझुमी नावाचे फार जुने देवस्थान. अंगणातले कापराचे झाड अडीच हजार वर्षांहून जुने असल्याचे सांगतात. चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, म्हणजे साधारण जूनमध्ये, इथे देवाच्या खाचरात लावणी होते. पांढऱ्या पोशाखातल्या मुली ओळीने रोपे लावतात. त्याआधी पालखीसमोर कुस्ती होते. हीच पाहायला मी तुम्हाला एवढे लांब आणले.

हौद्यात पैलवान एकच. समोर कोणी नाही. म्हणजे आपल्याला दिसत नाही. समोर आहे भाताचा आत्मा. पंच दोघांनाही समोरासमोर बसवतो, इशारा करतो, आणि पैलवान हवेशी भिडतो. घाम येतो, पाय घसरतात, मान दाबली जाते, आणि तो धाडकन आपटतो. पहिली कुस्ती भाताने मारली. दुसऱ्या वेळी पैलवान जिंकतो. लोक हसतात, टाळ्या पिटतात, पोरे ओरडतात. तिसरी निकालाची. दोघे झोंबतात, आणि शेवटी पैलवान पुन्हा मातीत. दोन विरुद्ध एक, भात जिंकला! दरवर्षी असेच व्हायचे असते. भात जिंकला तर पीक चांगले येणार. नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी, पीक आल्यावर, आभार मानायला हीच कुस्ती पुन्हा होते.

माणसाने हरण्यात गावाचे भले आहे, हे सांगायला किती साधा खेळ! यामाकोशीत वळूला हरू देत नाहीत आणि इथे माणूस आपणहून हरतो. दोन्हींत जनावराचा आणि धान्याचा मान राखलेला आहे.

पण वाचकहो, एक गोष्ट सांगून थांबते. ही कुस्ती मधली काही वर्षे बंद पडली होती. भात होता, देऊळ होते, हौदाही होता. हौद्यात उतरणारा माणूस मिळेना. पुढे तो मिळाला आणि कुस्ती पुन्हा उभी राहिली. तुमच्या गावची जत्रा जवळ आली असेल. वर्गणी गोळा होईल, मांडव पडेल, पुण्या-मुंबईची मुले दोन दिवस येतील. त्यांना हौसेने बोलवा, हौद्यात उतरवा, रिंगणाशी उभ्या राहिलेल्या लेकीलाही आत घ्या. आणि ती परत निघण्याआधी एकदा त्यांच्याबरोबर बांधावरून फेरी मारा. कुठले खाचर कोण कसते, कुठले पडीक पडले, ते दाखवा. नागोरोच्या शाळेत बुजगावणी भरलेली आहेत. ओमिशिमाच्या हौद्यात अजून जिवंत माणूस उतरतो. भाताशी कुस्ती धरायला, आणि तिच्यात हरायला, गावात माणूस उरलेला हवा.